माईम म्हणजे 'न बोलता केलेलं नाटक' का? आणि ते नक्की आलं कुठून?

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. कॉलेजच्या टीमने युवक महोत्सवासाठी मोबाईलच्या व्यसनावर माईम बसवलं, सहा जण, पाच मिनिटं, काळे कपडे, पांढरे चेहरे, मागे म्युझिक. परीक्षक म्हणाले, 'हे माईम नाही, हे आवाज बंद केलेलं स्किट आहे.' म्हणून विचारलंय की मग माईम म्हणजे काय, पँटोमाईम आणि मूकनाट्य वेगळं असतं का, आणि हे सगळं फ्रान्सचं की भरतमुनींचं, कारण त्यावरून टीममधे चांगलंच वाजलंय.

मी वीसेक वर्षं माईम करते आणि त्यातली बरीच वर्षं कॉलेजच्या मुलांना शिकवते. हा शेरा माझ्या टीमलाही दोनदा मिळालाय, त्यामुळे तो किती लागतो ते माहितीये. परीक्षकांचं बरोबर होतं की चूक ते तुमचा प्रयोग बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. पण तुम्ही लिहिताना सहज एक वाक्य लिहून गेलात, की 'आम्ही डायलॉग पाठ केले होते, फक्त आवाज काढत नव्हतो, ओठ हलवत होतो', आणि माझ्या मते सगळी अडचण तिथेच आहे. तुम्ही आधी बोलकं नाटक लिहिलंत आणि मग त्यातून आवाज काढून घेतलात. मग बघणाऱ्याला सतत वाटत राहतं की काहीतरी ऐकू यायला हवं होतं आणि ते येत नाहीये.

माईममधे उलटं चालतं. काम असतं जे स्टेजवर नाहीये ते अंगाने तिथे आणायचं, भिंत, दोर, वारा, वजन, कधी समोरचा अख्खा माणूस. ते खरंच आलं की बोलायची गरज उरत नाही, म्हणून माईम करणारा गप्प असतो. व्याख्येपेक्षा एक प्रसंग सांगते, माझ्या डोक्यात तो व्याख्येच्या जागीच बसलाय.

मराठवाड्यातल्या एका कॉलेजात मी पाणीटंचाईवर माईम बसवत होते. विहिरीचा सीन होता, एक मुलगी पोहरा सोडते आणि ओढून वर काढते. मी तिचे हात बसवून घेतले होते, एक हात वर, दुसरा त्याच्या वर, दोराची जाडी सारखी, लय छान. मला सीन आवडला होता. हॉल झाडायला येणाऱ्या मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "म्याडम, पोहरा रिकामाच वर येतोय की." मी विचारलं, कसं काय? त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, पदर खोचला आणि करून दाखवलं. पोहरा खाली टेकला की त्या दोराला एक हिसका देत होत्या, पोहरा आडवा होऊन बुडावा म्हणून. मग ओढायला लागल्या तर पहिले दोन हात अगदी हलके गेले, आणि तिसऱ्या हाताला त्यांची कंबर एकदम मागे गेली, पाय फाकले, गुडघे वाकले. मी विचारलं, मधेच जड कसा झाला? त्या म्हणाल्या, पाण्यात असेस्तोवर पोहरा हलकाच असतो, पाण्याच्या बाहेर आला की मग त्याचं वजन हाताला कळतं.

त्या हॉलमधे त्या दिवशी पहिल्यांदा विहीर दिसली. तिला काठ होता, खोली होती, पाणी किती खाली गेलंय तेही कळलं, कारण मावशींनी किती हात दोर ओढला ते आम्ही नकळत मोजत होतो. आणि त्यांचा चेहरा काहीच करत नव्हता. माझ्या टीममधल्या मुलीने मात्र डोळे मोठे करून, कपाळावरचा घाम पुसून 'मी दमलेय' असं सगळ्यांना सांगितलं होतं. तिने विषय सांगितला आणि मावशींनी पाणी काढलं, बस, फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे.

आता उगम. शब्द ग्रीक आहे, मिमोस, मूळ अर्थ नक्कल करणं, आणि नक्कल करणाऱ्यालाही मिमोस म्हणायचे, त्या खेळालाही. पण बहुतेकांना माहीत नसतं की हे ग्रीक माईम बोलकं होतं. सिसिलीतल्या सिराक्यूजचा सोफ्रॉन, इसवी सनपूर्व पाचव्या शतकातला, त्याने साध्या माणसांच्या बोलण्याचे छोटे छोटे प्रसंग लिहिले आणि त्यांनाच माईम म्हणतात. नंतरचा हेरोडास, इ. स. पू. तिसरं शतक, त्याचं लिखाण इजिप्तमधे पपायरसवर सापडलं आणि १८९१ मधे छापून आलं. त्यात चपलांच्या दुकानातली घासाघीस आहे, उनाड पोराला मास्तरांच्या ताब्यात देणारी वैतागलेली आई आहे. म्हणजे देव आणि राजे सोडून रोजची माणसं हुबेहूब उभी करणं, हा माईमचा पहिला अर्थ. गप्प राहणं त्या शब्दात कुठेच नाही. रोममधेही माईमवाले बोलायचे, मुखवटे घालायचे नाहीत, आणि त्या काळातलं हेच नाटक असं की ज्यात बायका स्टेजवर काम करायच्या. पुढे सहाव्या शतकात बायझंटाईन सम्राज्ञी झालेली थिओडोरा तरुणपणी याच रंगभूमीवर होती.

न बोलणारा तो दुसरा, पँटोमिमस, म्हणजे 'सगळ्यांची नक्कल करणारा'. सम्राट ऑगस्टसच्या काळात, साधारण इ. स. पू. २२ च्या सुमारास, पिलाडीस आणि बाथिलस या दोघांनी रोममधे हा प्रकार गाजवला. एकच नर्तक, मुखवटा असा की त्याचं तोंडच मिटलेलं, कथा गाणार मागचा गायकवृंद, आणि हा एकटा एकामागून एक सगळी पात्रं करणार. (कथकली बघितलं असेल तर हे लगेच डोळ्यासमोर येईल, तिथेही नट बोलत नाही, गायक गातात. एकाने दुसऱ्याकडून घेतलं असं मी म्हणत नाहीये, फक्त रचना सारखी आहे.) दुसऱ्या शतकातल्या ल्युसियन या लेखकाने नृत्यावर लिहिताना नीरोच्या काळातली एक गोष्ट दिलीये. डेमेट्रियस नावाचा तत्त्वज्ञ म्हणायचा, या नाचात काही दम नाही, गाणं आणि वाद्यं आहेत म्हणून ते चालतं. तेव्हा त्या नर्तकाने वाद्यं थांबवली, गाणारे गप्प केले आणि एकट्याने व्हीनस आणि मार्सची सगळी गोष्ट करून दाखवली, जाळ्यात सापडण्यापर्यंत. डेमेट्रियस ओरडला की मला नुसतं दिसत नाहीये, ऐकू येतंय, तू हातांनी बोलतोयस! त्याच नर्तकाला काळ्या समुद्राकडून आलेल्या एका राजपुरुषाने नीरोकडे भेट म्हणून मागितलं होतं, कारण त्याच्या शेजारच्या लोकांच्या भाषा वेगळ्या आणि दुभाषे मिळायचे नाहीत, तर हा माणूस सगळ्यांना समजेल.

मधली शतकं मी उडी मारून जाते. पॅरिसवर मात्र थांबायला हवं, कारण तुम्ही ज्याला माईम म्हणता तो गप्पपणा तिथे अक्षरशः कायद्याने आला. १६८० मधे कॉमेदी फ्रान्सेज ही राजाश्रयाची नाटक कंपनी स्थापन झाली आणि फ्रेंचमधून संवादांचं नाटक करायचा हक्क त्यांच्याकडे गेला. मग जत्रेतल्या खेळवाल्यांनी करायचं काय? सँ-जेर्मां आणि सँ-लोराँच्या जत्रा तेव्हा मोठ्या भरायच्या. संवाद बंद केले तर हे लोक एकेकटे बोलायला लागले, तेही बंद केलं तर १७१० च्या आसपास त्यांनी गाणी मोठ्या फलकांवर लिहिली, चाली लोकांना पाठ असलेल्याच घेतल्या, आणि नट गप्प राहून अभिनय करतायत आणि अख्खं पब्लिक फलक वाचून गातंय असे खेळ लावले. मला ही गोष्ट फार आवडते. पुढे १८०७ मधे नेपोलियनने पॅरिसची नाट्यगृहं आठावर आणली, आणि नंतर उघडलेल्या लहान थिएटरांना परवानगी मिळायची ती कसरती आणि मूकखेळांचीच. त्यातलंच एक फ्युनांब्युल, नावाचाच अर्थ दोरीवरून चालणारे, म्हणजे आपले डोंबारीच. तिथे झाँ-गास्पार देब्युरो आला, १७९६ मधे बोहेमियातल्या कोलीन गावी जन्मलेला, कसरतवाल्यांच्या घरातला, आणि त्याने पिएरो हे जुन्या विनोदी खेळांतलं पांढऱ्या चेहऱ्याचं पात्र असं केलं की पॅरिसचे लेखक-कवी त्या स्वस्तातल्या थिएटरात येऊन बसायला लागले.

तुमचा पांढरा चेहरा इथून आलाय. पिएरोचा चेहरा पांढराच असायचा, आणि देब्युरोने गळ्याभोवतीची झालर काढली, मोठी टोपी काढली, डोक्याला घट्ट बसणारी काळी टोपी घातली, म्हणजे अंधुक उजेडातही लांबच्या माणसाला चेहरा स्वच्छ दिसावा. म्हणजे मेकअपमागे कारण होतं. मोठ्या मैदानावर स्टेज असेल तर मीही पांढरा मेकअप लावते, छोट्या हॉलमधे नाही लावत. माईम आहे म्हणून लावायलाच पाहिजे असं काही नाही, आणि नियमात काय लिहिलंय तेही बघावं लागतं. आंतरविद्यापीठ पातळीवर जास्तीत जास्त सहा कलाकार आणि पाच मिनिटं हा हिशोब असतो, पण तुमच्या विद्यापीठाचं पत्रक नीट वाचा, म्युझिकबद्दल, प्रॉपर्टीबद्दल (म्हणजे स्टेजवरचं सामान) वेगळं काही असेल तर तेच धरायचं.

यानंतरचा माणूस तुमच्या प्रश्नासाठी सगळ्यात महत्त्वाचा. एतिएन दक्रू, जन्म १८९८. नाटकात येण्याआधी त्याने खाटकाकडे काम केलं, गवंडीकाम केलं, अशी अंगमेहनतीची बरीच कामं केली. १९२३ मधे तो पॅरिसचा नाट्यदिग्दर्शक झाक कोपो याच्या व्ह्यू-कोलोंबिए थिएटरच्या शाळेत आला. तिथे मुलांचा चेहरा झाकून, अंगावर अगदी कमी कपडे ठेवून अभिनयाचा सराव घ्यायचे. चेहरा झाकला की तोंड वेंगाडायची सोय संपते आणि पाठ, मान, छाती यांना बोलावं लागतं. दक्रू तो धागा धरून जवळजवळ आयुष्यभर एकच काम करत राहिला, शरीराचं माईम. डोकं, मान, छाती, कंबर एकेक सुटं करून हलवायचं, ताकद कुठून निघते, वजन कुठे जातं हे शोधायचं. त्याने केलेल्या प्रयोगांत एक सुताराचा आहे, एक कपडे धुण्याचा आहे. १९३० च्या सुमारास झाँ-लुई बारो हा तरुण नट त्याला येऊन मिळाला, आणि जागच्या जागी चालायचं ते प्रसिद्ध चालणं या दोघांनी मिळून तासन्‌तास घासून बसवलं.

आणि दक्रूला जुन्या पँटोमाईमचा राग होता, कारण त्यात हात आणि चेहरा शब्दांची जागा भरतात. 'तू', 'मी', 'प्रेम', 'लग्न', प्रत्येकाला एक खूण. तुमच्या परीक्षकांनी जे म्हटलं तो खरं तर हाच जुना आक्षेप आहे, त्यांना माहीत असो नसो. म्हणून माईम आणि पँटोमाईममधला फरक विचारलात तर मी एवढंच सांगेन, शाळेशाळेप्रमाणे लोक हे शब्द वेगळे वापरतात, इंग्लंडात तर ख्रिसमसला जे पँटोमाईम असतं त्यात गाणी आणि आरडाओरडा असतो, तेव्हा नावावरून भांडू नका. शब्दाच्या जागी खूण ठेवताय की वस्तू उभी करताय एवढं तपासा. आपल्याकडे मूकनाट्य, मूकाभिनय दोन्ही म्हणतात. माझी तक्रार इतकीच की 'मूक' शब्दामुळे मुलांचं सगळं लक्ष तोंडाकडे जातं.

मार्सेल मार्सो दक्रूकडे शिकला. १९२३ चा स्ट्रासबर्गचा, वडील ऑशविट्झला मारले गेले, महायुद्धात त्याने ज्यू मुलांना सीमेपलीकडे पोचवायला मदत केली. १९४७ मधे त्याने बिप हे पात्र आणलं, पट्ट्यांचा टीशर्ट, चेपलेली हॅट, हॅटला फूल. त्याने जगभर दौरे केले आणि जगाच्या डोळ्यात माईम म्हणजे मार्सो असंच बसलं. पांढरा चेहरा त्याने परत आणला, गोष्टी परत आणल्या, पण आत तंत्र दक्रूच्या हाताखाली घासलेलं होतं. आपण यूट्यूबवर मार्सो बघतो आणि वरचं तेवढं घेतो, चेहरा आणि काचेची भिंत.

आता भरतमुनी. त्यांच्या नाट्यशास्त्रात चार अभिनय सांगितलेत, आंगिक (अंगाने), वाचिक (बोलण्याने), आहार्य (वेशभूषेने), सात्त्विक (आतल्या भावाने). त्यातला आंगिक केवढा बारकाईने केलाय, डोकं, डोळे, भुवया, मान, हात, पाय, प्रत्येकाच्या हालचालींना नावं आहेत. आणि जुन्या संस्कृत नाटकात सामान जवळजवळ नसायचंच. शाकुंतलाच्या चौथ्या अंकाची सुरुवात बघा, 'कुसुमावचयं नाटयन्त्यौ सख्यौ', दोघी मैत्रिणी फुलं तोडण्याचा अभिनय करत येतात. फूल नाही, झाड नाही, परडीही नसली तरी चालतं. पहिल्या अंकात शकुंतला झाडांना पाणी घालते, भुंगा तिला त्रास देतो, तेही सगळं नटीने अंगाने दाखवायचं. नंदिकेश्वराच्या अभिनयदर्पण या अभिनयावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात म्हटलंय 'यतो हस्तस्ततो दृष्टिर्यतो दृष्टिस्ततो मनः', हात तिथे नजर, नजर तिथे मन. मी पहिल्या दिवशी हेच शिकवते आणि पॅरिसचं तंत्र शिकवतानाही हेच शिकवते, दोन्हीकडे उपयोगी पडतं.

पण म्हणून 'माईमचा शोध भरतमुनींनी लावला' असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते मला पटत नाही. त्यांनी आंगिक अभिनय चारांपैकी एक म्हणून सांगितलाय, चारही मिळून नाट्य. आणि हस्तमुद्रांना ठरलेले अर्थ आहेत, ते शिकलेल्याला कळतात. माईममधे कोश नसतो, विहीर आयुष्यात न बघितलेल्यालाही ती दिसायला हवी. उलट बाजूने 'हे सगळं फ्रेंच, आपलं काही नाही' हेही तितकंच चूक. बैठकीच्या लावणीत बाई बसल्या जागी एकच ओळ परत परत घेते आणि दर वेळी नजर, मान, बोटं वेगळं काही सांगतात, यमुनाबाई वाईकरांची अदा ज्यांनी बघितली त्यांना मी काय म्हणते ते कळेल. आणि वेगळी कला म्हणून भारतात माईम रुजवलं ते मुख्यतः बंगालने, कोलकात्यात जोगेश दत्त यांनी, मग निरंजन गोस्वामी यांनी, ज्यांनी १९७६ मधे इंडियन माईम थिएटर काढलं. मी स्वतः कोलकात्यात शिकलेय, तिथे दक्रूचं नाव आणि नाट्यशास्त्राचा श्लोक एकाच तासाला यायचा आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. तेव्हा तुमच्या टीममधल्या दोन्ही पार्ट्यांना सांगा, शब्द ग्रीक, आज शिकवतात ते तंत्र बरंचसं पॅरिसचं, आणि अंगाने वस्तू उभी करायची विद्या आपल्याकडेही जुनी आणि भरपूर.

आता तुमचा मोबाईल. तुमच्या माईममधे फोन कानाला लावलेला अंगठा आणि करंगळी आहे असं तुम्ही लिहिलंय. ती खूण झाली, फोन नाही झाला. खरा फोन टेबलावर ठेवा आणि दहा वेळा उचला, नुसतं बघत. हात फोनपर्यंत पोचायच्या आधीच बोटं फोनच्या रुंदीएवढी उघडतात. स्पर्श होतो तिथे हात एक क्षण थांबतो, फ्रेंच लोक त्या छोट्या ठोक्याला 'टॉक' म्हणतात. मग बोटं मिटतात पण पूर्ण नाही, फोनच्या जाडीइतकी फट उरते आणि ती शेवटपर्यंत तेवढीच राहायला हवी. दोनशे ग्रॅमचं वजन मनगटाला किंचित खाली ओढतं. आता फोन बाजूला काढा आणि तेच करा. नव्वद टक्के मुलांची फट तिसऱ्या सेकंदाला मिटते, म्हणजे फोन त्यांच्याच मुठीत चिरडला जातो आणि पब्लिकला कारण कळत नाही पण विश्वास उडतो. फोन खिशात ठेवायच्या आधी हात फिरवून दुसऱ्याशी बोलायला गेलात तरी तेच, फोन हवेत विरघळतो. ठेवायचा असेल तर ठेवा, ठोका द्या, मग बोटं उघडा.

ओठ पूर्ण बंद. दोन माणसांचं बोलणं दाखवायचंच असेल तर एकाची छाती पुढे येते, दुसऱ्याची मान मागे जाते, अंतर कमी-जास्त होतं, यात काय ते दाखवा. जे यातून दाखवता येत नसेल तो सीनच काढून टाका. मी माझ्या टीमकडून पहिले चार दिवस चेहऱ्याला ओढणी बांधून तालीम करून घेते, श्वास घेता येईल अशी सैल. ज्या जागा ओढणीतूनही कळतात तेवढ्याच ठेवते.

आणि एक सुचवते, आवडलं तर घ्या. शेवटी तुम्ही एकाला रडताना आणि बाकीच्यांना त्याच्याकडे बोटं दाखवताना ठेवलंय, त्याऐवजी त्या फोनचं वजन वाढवून बघा. पहिल्या मिनिटाला दोनशे ग्रॅम, दुसऱ्या मिनिटाला वीट, मग भरलेली कळशी, मनगट, मग कोपर, मग खांदा, मग पाठ, आणि बाकीचे पाच जण त्याला जेवायला बोलावतायत, हात धरतायत, पण हा एका हाताने जमिनीकडे ओढला जातोय आणि बोटं काही सुटत नाहीयेत. यात सांगायचं काहीच नाही, नुसतं वजन दाखवायचं आहे, आणि वजन कसं येतं ते पाठीतून आणि गुडघ्यातून येतं, मावशींसारखं. आधी हे खऱ्या पाण्याच्या बादल्या उचलून करा, पाव, अर्धी, भरलेली, आणि दर वेळी कुठला पाय आधी सरकतो ते एकमेकांचं लिहून ठेवा. पाचव्या-सहाव्या दिवशी बादल्या काढून घ्या. एक मिनिटाचा व्हिडिओ टाकलात तर मी बघून सांगते, आणि पहिल्यांदा फोन उचलताना बोटं किती उघडतायत तेच आधी बघेन.